नंबर लागलेलं रान

माझी आई महानुभाव होती, उपदेश घेतलेली. दरवर्षी सुगी आटोपली की ती मला घेऊन अचलपूरहून रिद्धपूरला जायची. चांदूरबाजारावरून जाणाऱ्या एसटीचा पत्रा थंडीनं गार पडलेला असायचा आणि मी तिच्या घोंगडीत शिरून बसायचो. रिद्धपुरात जागोजाग ओटे आहेत. हातभर उंचीचे, चुन्यानं पांढरे केलेले. इथं गोविंदप्रभू बसले, इथं जेवले, इथं निजले, इथं पोरांत खेळले, अशी प्रत्येक ओट्याची ओळख. आई प्रत्येकापुढं दंडवत घालायची आणि कपाळ टेकलं की लवकर उचलायची नाही. चुना तिच्या भुवईला लागायचा.

आठ-नऊ वर्षांचा असेन. एका ओट्यापाशी गर्दी होती म्हणून मी दोन पावलं बाजूला, नुसत्या जमिनीवर डोकं टेकवलं आणि विचारलं, "आई, इथं चालते का?"

"नाही बाप्पा," ती म्हणाली. "तिथं नुसती माती हाय. देव इथं बसले होते."

त्या दोन पावलांपाशी मी पन्नास वर्षं अडलेला आहे.

पुढं मी भूकरमापक झालो. नोकरीची बहुतेक वर्षं पुणे जिल्ह्यात गेली. टिपणं, गुणाकार बुकं, फाळणीचे नकाशे यांत माझं आयुष्य गेलं. सुरुवातीला आमच्या हातात तेहतीस फुटांची साखळी असायची, सोळा आण्यांची. तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. अशा चाळीस चौरसांचा एकर. मोजणीत दोन पावलं म्हणजे फार मोठी गोष्ट. दोन पावलांसाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. माझ्या कामात प्रत्येक बिंदू कुणाला तरी हवा होता. मी खूण करून उठलो की एकाचा चेहरा उजळायचा आणि दुसऱ्याचा पडायचा.

पुरंदर तालुक्यात १९८९ साली मी एका बांधावर हद्दीचा दगड रोवला होता. बारा वर्षांनी दुसऱ्या मोजणीसाठी त्याच शिवारात गेलो. दगड जागेवर होता, शेंदूर फासलेला, पुढं नारळाच्या करवंट्या. बरोबरचा कोतवाल म्हणाला, "साहेब, पायताण काढा, म्हसोबा हाय." मी काढलं. तो दगड मी कुठल्या आकडेमोडीनं तिथं आणला ते मला ठाऊक होतं. तरी पायताण काढताना मी खोटं वागत नव्हतो. बारा वर्षं बायका तिथं सोमवारी दिवा लावत होत्या, वासरू आजारी पडलं की नवस बोलत होत्या. आईला सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली की ती देवता झाली, परमेश्वर नव्हे. पंथाची शिकवण तिच्या अंगात मुरलेली होती. देवता अनेक, परमेश्वर एक, आणि जागा पवित्र होते ती फक्त त्याच्या संबंधानं. 'संबंध' हा शब्द ती जपून वापरायची. शरीराचा, नजरेचा, बसण्याचा संबंध.

तिच्याकडं स्थानपोथी होती, वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली. मुनिव्यासांच्या नावावर असलेला हा चौदाव्या शतकातला ग्रंथ. निवृत्त झाल्यावर मी तो नीट वाचला आणि थक्क झालो. गावाच्या कुठल्या दिशेला कुठलं देऊळ, त्याचं दार कुणीकडं, त्याच्या कुठल्या कोपऱ्यात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचं आसन, झाड कुठं, नदी कुठं. माझ्या ओळखीच्या कुठल्याही टिपण बुकापेक्षा ते कमी काटेकोर नाही. स्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडं कायमचे, निघून गेल्यावर मागं राहिलेल्यांना ते कुठं बसले होते एवढंच धरून ठेवता येत होतं. त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी त्याआधी तेराव्या शतकात गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून स्वामींच्या लीळा जमवल्या, तीही एक मोजणीच. विरहातून केलेली मोजणी, असं मला वाटतं.

आई तीन वर्षांपूर्वी गेली.

माझी मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते. गेल्या हिवाळ्यात तिनं मला जिओहॅशिंग सांगितलं. रँडल मन्रो नावाच्या अमेरिकन व्यंगचित्रकारानं मे २००८ मध्ये आपल्या 'एक्सकेसीडी' या चित्रमालिकेच्या ४२६व्या चित्रात ही युक्ती मांडली. अक्षांश-रेखांशाच्या एकेका अंशानं पृथ्वीच्या चौकटी पाडायच्या. त्या दिवसाची तारीख आणि अमेरिकेच्या शेअर बाजारातला डाऊ जोन्स निर्देशांक ज्या आकड्यावर उघडला तो आकडा, हे दोन्ही एकापुढं एक लिहायचे आणि एमडी५ नावाच्या गणिती क्रियेतून काढायचे. बत्तीस अक्षरांची एक माळ निघते. अर्ध्या माळेचा अपूर्णांक करून अक्षांशाला जोडायचा, अर्ध्याचा रेखांशाला. तुमच्या चौकटीत एक बिंदू मिळतो. तिथं जायचं, बस. शनिवारी कुणी जाणार असतील तर त्यांनी दुपारी चार वाजता भेटायचं, असा या खेळातला रिवाज आहे.

आपण पूर्वेला असल्यानं आदल्या दिवशीचा निर्देशांक वापरतो. थंडीच्या दिवसांत न्यूयॉर्कचा बाजार आपल्या रात्री आठला उघडतो. म्हणजे शुक्रवारी रात्री आठ वाजता शनिवारची जागा कळते. पुण्याची चौकट १८ ते १९ आणि ७३ ते ७४. पुणे, लोणावळा, कर्जत, राजगड, रायगड सगळं त्यात येतं. उत्तर-दक्षिण एकशे दहा किलोमीटर, पूर्व-पश्चिम एकशे पाच. बिंदू धरणाच्या पाण्यात पडतो, कड्याच्या पोटात पडतो, लष्कराच्या हद्दीत पडतो. तेव्हा जाता येत नाही.

मला गणिताचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्या आकड्याच्या जन्माचं. वॉल स्ट्रीटवर लाखो माणसांची हाव आणि भीती एकत्र येऊन तो आकडा ठरतो. मग एमडी५ त्याला जात्यात घालतं. एका शतांशाचा फरक पडला तरी सगळी माळ बदलते आणि पिठावरून दाणे परत जुळवता येत नाहीत. हाव दळून दळून तिचा मागमूस राहत नाही, आणि त्या पिठाचा एक कण मावळात कुठल्या तरी बांधावर येऊन पडतो. कुणी तो तिथं मागितलेला नसतो. माझ्या नोकरीत असा बिंदू मला एकदाही भेटला नव्हता.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, पॉइंट ऐंशी, पॉइंट त्रेपन्नच्या जवळपास आलंय. तुमचं कुठं पडतंय बघा." अपूर्णांक दोघांचा एकच, पूर्णांक आपापला. तिचे ४८ आणि ९, माझे १८ आणि ७३. तिचा बिंदू शोर्नडॉर्फजवळ, रेम्स नदीच्या खोऱ्यात पडला. स्टुटगार्टहून लोकल गाडी, एस-बान, तिथपर्यंत जाते. माझा पडला नाणे मावळात, कुंडली नदीच्या खोऱ्यात. कामशेतपर्यंत लोकल, पुढं जीप. दोघांनीही शनिवारी निघायचं ठरवलं. माझे चार म्हणजे तिचे साडेअकरा.

शिवाजीनगरहून सकाळची लोकल धरली. खिडकीच्या गजांना हात लावला की बोटं आखडत होती. समोर एक वयस्क जोडपं होतं, त्यांच्या गळ्यात तुळशीच्या माळा. देहूला निघाले होते. देहूरोडला उतरताना त्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही कुठवर?" मी म्हणालो, "कामशेत." "कुणाकडं?" मला चटकन उत्तर आलं नाही. "एक जागा बघायचीय," म्हणालो. "बघा, बघा. माउली आहेच," म्हणाले आणि उतरले.

ते कुठं चाललेत आणि का, हे त्यांना पक्कं माहीत होतं. इंद्रायणीच्या काठी तुकोबांचं गाव आहे म्हणून ते जात होते. मला 'कुठं' माहीत होतं, दशांश चिन्हापुढं बारा-चौदा आकड्यांपर्यंत. 'का' विचाराल तर काही नव्हतं. बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव अशी स्टेशनं मागं पडत गेली तरी मी तेच मनात घोळवत राहिलो.

श्वेताश्वतर उपनिषदाच्या अगदी आरंभी ब्रह्मवादी एकमेकांना विचारतात की आपण कशातून आलो, कुणाच्या सत्तेखाली जगतो. मग कारणांची नावं निघतात. काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा. नियती आणि यदृच्छा ही नावं तिथं शेजारी शेजारी पण वेगवेगळी आहेत. एक म्हणजे जे ठरलेलंच होतं ते, दुसरी म्हणजे जे उगीच घडलं ते. उपनिषद दोन्ही अपुरी मानतं आणि पुढं देवाच्या शक्तीकडं जातं. मला प्रश्न पडला तो असा की आजचा माझा बिंदू यांतला कुठला? तारीख आणि आकडा हातात असला की जगातला कुणीही तोच बिंदू काढील, त्यात तिळाएवढी अनिश्चितता नाही. म्हणजे नियती. पण तो तिथंच का, याला कुणाच्याही मनात कारण नाही. म्हणजे यदृच्छा. दोन नावं एका दाण्यात.

कुडाळला काही महिने कामावर होतो तेव्हा देवळात कौल लावताना पाहिला होता. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी आधी पडते की डावी ते बघायचं. तिथंही पाकळीचं पडणं कुणाच्या हातात नसतं, म्हणूनच ते देवाचं बोलणं. पण कौलात माणूस काहीतरी मागत असतो. लग्न ठरेल का, विहिरीला पाणी लागेल का. हातात प्रश्न असतो आणि मान उत्तरासाठी वर झालेली असते. माझ्याकडं त्या सकाळी काहीच मागणं नव्हतं. आई गेल्यापासून इतका रिकामा मी कधी नव्हतो, आणि ते रिकामपण मला जड वाटत नव्हतं.

कामशेतला उतरून नाणे मावळात जाणारी शेअर जीप मिळाली. खोऱ्यात धुकं अजून वितळायचं होतं. भात कापून झाला होता, खाचरांत सड उभे होते. जिथं ओल टिकली होती तिथं हरभरा, मसूर, कुठं गहू. काटेसावरीला पान नव्हतं, नुसती लाल फुलं. जीपमधून उतरून बांधाबांधानं दीड किलोमीटर चाललो. फोनवरचा निळा ठिपका आणि माझा बिंदू हळूहळू एकमेकांकडं सरकत होते. शेवटच्या दहा मीटरांत मात्र खेळ सुरू झाला. फोनची अचूकता तीन ते पाच मीटर. मी उभा असलो तरी ठिपका हलत होता. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, हे शाळेत शिकलो आणि आयुष्यभर लोखंडी खुंटी ठोकून त्याला लांबी-रुंदी देत आलो. इथं खुंटी नव्हती. बिंदू हरभऱ्याच्या एका खाचरात, बांधापासून चार-पाच पावलांवर कुठंतरी होता. दोन पावलं इकडं की तिकडं हे सांगायला माझ्याकडं साधन नव्हतं.

पीक तुडवायचं नाही म्हणून मी बांधावर बसलो. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"कोन हाय? मोजनी आली का?"

सत्तरीच्या बाई. डोक्यावर पदर, हातात विळा, चेहऱ्यावर भीती. ती भीती मी ओळखतो. मावळ-मुळशीच्या खोऱ्यांत मोजणीचा माणूस दिसला की मागून धरण येतं, रस्ता येतो, जमीन जाते. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापट शेतकऱ्यांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. मी चटकन उभा राहिलो आणि हात जोडले.

"नाही मावशी, मोजणी नाही. मी निवृत्त माणूस आहे. नुसता आलोय."

"नुसता? हितं?"

मग मी सांगितलं. लपवलं काही नाही. एक आकडा असतो, रोज बदलतो, त्यावरून एक जागा निघते, आज ती तुमच्या रानात निघाली. माझी मुलगी परदेशात आहे, तिचीही अशीच एक जागा निघाली, ती तिकडं जातेय. त्यांनी नीट ऐकलं.

"मंग नंबर लागला म्हना की आमच्या रानाला."

"हो, नंबर लागला."

"आन् आता काय करायचं आसतं?"

"काही नाही. चार वाजेपर्यंत बसायचं."

"बसा की मंग," त्या म्हणाल्या आणि हरभऱ्यात गेल्या.

मी बसलो. एवढं लांब येऊन करायचं काही नसलं की डोळे बघायला लागतात. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि थंडीत तिच्या टोकाटोकाला आंब धरते, दवासारखी दिसते पण चव जिभेला चरचरीत आंबट. पूर्वी बायका पहाटे हरभऱ्यावर फडकं अंथरून ती आंब टिपून घ्यायच्या, पोटदुखीला औषध म्हणून. सावलीतल्या पानांवर ती अजून होती. मी एक घाटा तोडला, बोटं चिकट झाली. घाट्यात दोन दाणे होते, एक भरलेला, एक पोचट. बांधाच्या मातीत मुंग्यांनी एक भोक केलं होतं आणि त्याभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची कडी. ही जागा काल अशीच होती, उद्याही अशीच राहील, आणि आज मी आलो नसतो तरी मुंग्यांनी ती कडी केलीच असती.

बसल्या बसल्या गोविंदप्रभू आठवले. आई त्यांच्या लीळा सांगायची तेव्हा मला त्यांचं कारणच कळायचं नाही. ते अचानक उठतात, कुठंतरी जातात, परततात, दगडाशी बोलतात, पोरांशी भांडतात, कुणाच्याही घरात शिरून खातात. लोक त्यांना वेडं म्हणत, पंथ त्यांना परमेश्वर म्हणतो. ब्रह्मसूत्रांनी विचारलं आहे की ज्याला काही कमी नाही तो देव जग का निर्माण करील, आणि उत्तर दिलं आहे की ती केवळ लीला. लीलेला हेतू नसतो. मग गोविंदप्रभू ज्या जागी बसले ती जागा कुणी निवडली? त्यांनी? पण निवडणं म्हणजे हेतू आला. मला त्या बांधावर असं वाटलं की आईचे ओटेही कुण्या हेतूनं निवडलेले नव्हते. परमेश्वर रिद्धपूरच्या रस्त्यानं वेड्यासारखा हिंडत होता आणि जिथं बसला तिथं बसला. दोन पावलं बाजूला बसता तर ओटा दोन पावलं बाजूला झाला असता आणि आईनं कपाळ तिथं टेकलं असतं.

आईचं उत्तरही लगेच कानात आलं. अरे, पण बसले ते देव होते. इथं कोण बसलं आहे? तू.

याला माझ्याकडं तोड नाही, आणि मी ती ओढून-ताणून काढणार नाही. सगळ्याच जागा सारख्या पवित्र, असं म्हणायला सोपं असतं. म्हणणारे बहुधा कुठल्याच जागेपुढं वाकत नाहीत. आई एका जागेपुढं वाकायची, अगदी ओट्याच्या मापात, आणि त्यामुळं तिला वाकता येत होतं. मला एवढंच कळलं की त्या दिवशी मलाही एका मापात बसावं लागलं. हिरवळ बरी आहे म्हणून पलीकडं बसण्याची, सावली आहे म्हणून सावरीखाली जाण्याची मला मुभा नव्हती. चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितलं होतं की ओळखीच्या गावी जाऊ नका, जिथं कुणी ओळखत नाही अशा मुलुखाच्या टोकाला, झाडाच्या बुडाशी राहा. ओळखीच्या जागी आपण आपल्याच आवडीनिवडीला भेटायला जातो. आईचा संबंध देवाकडून जागेला लागत होता. माझ्याकडून काय लागेल? लक्ष. निवडीचा हक्क सोडून दिलेलं लक्ष. ते संबंधाच्या जवळ जातं, असं माझं मत आहे. तिला ते पटलं नसतं.

तीनच्या सुमारास बाई परत आल्या. हरभऱ्याची जुडी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजून हावळा केलेला. राखेतले घाटे फुंकून त्यांनी माझ्या ओंजळीत टाकले. तोंड, बोटं काळी झाली. त्यांनी घरची चौकशी केली आणि मी आईचं सांगितलं. खिशात आईची लहान कापडी पिशवी होती, तिच्यात रिद्धपूरच्या एका ओट्याजवळचा बोटाच्या पेराएवढा दगड. ती गेल्यापासून तो माझ्याजवळ असतो. मी तो काढून दाखवला. "देवाच्या जागचा आहे," म्हणालो. त्यांनी कुठला देव, कुठला पंथ काही विचारलं नाही. काळ्या बोटांनीच दगड घेतला, कपाळाला लावला, थोडा वेळ मुठीत धरून ठेवला.

चारला मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागं बर्फ, द्राक्षाच्या वेलींचे काळे खुंट आणि उतारावरून खाली दिसणारं खोरं. तिचा श्वास वाफ होऊन पडद्यावर पसरत होता. "बाबा, पोचलात?" "पोचलो." मी फोन फिरवून तिला हरभरा दाखवला, बाईंना दाखवलं. बाईंनी बर्फाकडं बारीक डोळे करून पाहिलं.

"तिला बी नंबर लागला व्हय? पोरी, पायात कायतरी घाल गं, गारठशील."

मुलगी हसली आणि तिनं बूट दाखवले. मग कुणीच काही बोललं नाही. दोन्हीकडं वारा होता, तो ऐकू येत होता. मिनिटभर असेल. तिकडं कुठंतरी घंटा वाजली आणि इकडं खाचराच्या टोकाला टिटवी ओरडली.

निघताना बाई म्हणाल्या, "परत कवा?" मी म्हणालो की आकडा आता हितं पडायचा नाही बहुतेक. "आकड्याचं ऱ्हाऊ द्या. पुढच्या म्हैन्यात हरभरा काढनीला येतोय, तवा या."

अंधार पडता पडता कामशेतला लोकल मिळाली. घरी येऊन दगड पिशवीतून काढला, आईच्या पोथीजवळ ठेवायला. राखेनं तो एका बाजूनं काळा झाला होता. धुवायला नळाखाली धरला आणि तसाच मागं घेतला. त्याला हरभऱ्याचा आंबूस वास येत होता.